दुसरी ताटली

आमच्या ग्रुपचे नियम मीच लिहिलेत. ओसाड घरात शिरा, फोटो काढा, पण काही उचलायचं नाही, फोडायचं नाही आणि पत्ता सांगायचा नाही. चौदा हजार माणसं आहेत ग्रुपवर. कुणी नवखा 'हे नेमकं कुठंय?' विचारायला आला की मी त्याची अशी हजेरी घेते की तो पुन्हा तोंड वर काढत नाही. वस्तू मांडून फोटो काढणाऱ्यांचा तर मला तिटकारा. बाहुली खुर्चीत बसवायची आणि 'जशी होती तशी' म्हणून टाकायची, ही नाटकं माझ्याकडे चालत नाहीत.

मार्चमध्ये मी तेच केलं.

पीटरबरो गावाच्या पुढे एक दगडी शेतघर आहे. स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं होतं आणि फोटो काही केल्या जमेना. शेवटी मी कपाटातून दोन ताटल्या आणि दोन कप काढले, खुर्च्या जरा मागे ओढल्या, खिडकीतली धूळ चिमटीने त्यांच्यावर भुरभुरली. फोटो काढून सगळं परत जागच्या जागी ठेवलं. खाली लिहिलं, 'वाढायचंच राहिलं.'

"काटा आला गं अंगावर, ट्रूडी," शोनाने लिहिलं. ग्रुप आम्ही दोघी सांभाळतो.

"जेवण सोडून गेले कुठं?" कुणीतरी विचारलं.

"सॉस संपला असेल, आणायला गेलेत," दुसऱ्या कुणीतरी ठोकून दिलं.

अडीच हजार जणांना आवडला. मी मुकाट कौतुक खात राहिले.

चौथ्या दिवशी रॉस पेंगिली नावाच्या माणसाने लिहिलं, "हे माझ्या वडिलांचं घर. टेबलाचा तो जळका कोपरा माझाच प्रताप. चौऱ्याण्णवच्या नाताळात भांडून निघालो तो परत गेलोच नाही. ते तिथे एकटेच राहिले, एकटेच गेले. मला वाटायचं, त्यांनी माझं नाव टाकलं. पण ती निळ्या काठाची ताटली माझी आहे. त्यांनी माझं पान मांडून ठेवलं होतं."

खाली सगळा ग्रुप रडत होता. "जाऊन ये बाबा एकदा," शोनाने त्याला लिहिलं.

"रविवारी निघतोय. सहा तासांचा रस्ता आहे. टेबल तसंच असेल ना?"

शनिवारी आधी जाऊन टेबल पुन्हा मांडावं, असं माझ्या मनात आलं. गाडीत पेट्रोलही भरलं. मग स्वतःचीच किळस आली. त्याचा नंबर मागून घेतला आणि फोन केला.

"रॉस, ते मी मांडलं होतं. टेबल रिकामं होतं."

त्याने विचारलं, "पण ताटली घरातलीच ना?"

"हो. कपाटातली."

"रोजच्या भांड्यांत होती?"

ती सगळ्यात खाली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर दोरी, आणि गाठ इतकी घट्ट की मला ती कापावी लागली होती. 'हो, रोजच्यातच' म्हणायला माझं काय जात होतं? पण खरं बोलायचं भूत चढलं होतं माझ्या डोक्यावर. मी सगळं सांगितलं. कागदावरची तारीखसुद्धा, जानेवारी पंच्याण्णव. सांगून टाकल्यावर मला चक्क हलकं वाटलं. खोट्या फोटोपेक्षा मला त्या हलकं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

"म्हणजे लगेचच," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, ट्रूडी. सहा तासांचा रस्ता वाचला."