एस्तेलीचा सिगार, भोरचा निकाल

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. भोरमध्ये सदफच्या कपाटात राहते, पण माझा जन्म इथला नाही. निकाराग्वा नावाच्या दूरदेशी एस्तेली गाव आहे. चहूकडे भोरसारखेच डोंगर, पण काळ्या मातीत तंबाखू. तिथल्या सुताराने तांबूस, सुवासिक लाकडातून मला घडवले आणि माझ्या पोटात पंचवीस सिगार झोपवले.

१९९८ साली मी इथे आले तेव्हा त्यांतला एकच उरला होता. सदफचा थोरला भाऊ वाजिद मालवाहू जहाजावर कामाला होता. त्याचा सोबती रामिरो एस्तेलीचा. रामिरोचे वडील सिगार वळायचे आणि वाजिदचे अब्बा, अल्लाउद्दीन, चाळीस वर्षे विड्या वळत होते. हे कळताच रामिरोने तो शेवटचा सिगार माझ्यासकट वाजिदला देऊन टाकला. अट एकच. वाजिदच्या अब्बांनी तो ओढून पाहावा आणि रामिरोच्या वडिलांच्या हाताबद्दल खरे काय ते कळवावे.

काय सांगू, मला किती ऐट आली होती! गुरुवारी संध्याकाळी साऱ्या घराने माझ्याभोवती कोंडाळे केले. मार्गासनीहून आलेले अब्बांचे दोस्त कुंडलिकतात्या म्हणाले, "अल्लाउद्दीनभाई, ही विडी न्हाई, मुसळ हाय."

अब्बांनी सिगार कानाशी धरून हलकेच दाबला, हुंगला आणि परत ठेवला. रविवारी ओढू, तोवर तोंडात विडी घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. वाजिद सोमवारच्या एसटीने परतणार होता.

दिवस भादव्याचे, हवा सर्द. सादळलेली विडी चुलीजवळ शेकायची, ही त्या घराची रीत. शुक्रवारी सदफच्या आईने, साबिराअम्मींनी, मोठ्या प्रेमाने सिगार माझ्यातून काढून चुलीच्या कट्ट्यावर ठेवला. नमाज आटोपून अब्बा घरी येईपर्यंत त्याचे वरचे पान तडकले होते. विडीला ऊब मानवते, पण सिगारला ओल लागते, हे कुणाला ठाऊक?

वाजिदचा चेहरा उतरला. दुसरा सिगार आणायचा कुठून? अब्बांनी मात्र तेंदूची पाने मऊ करायचे ओले गोणपाट मागवले. त्याचा तुकडा घट्ट पिळून माझ्या एका कोपऱ्यात ठेवला, दुसऱ्या टोकाला सिगार, आणि झाकण बंद. दोन दिवस मी श्वास रोखून होते. अब्बा तासातासाने झाकण किलकिले करून बघत. रविवारी पान पुन्हा लवचिक झाले! तडा त्यांनी मैद्याच्या खळीने चिकटवला.

आणि सिगार पेटला. पहिला झुरका अब्बांनी विडीसारखा छातीत ओढला, तसा जोराचा ठसका लागला. धूर तोंडातच घोळवायचा, असे वाजिदने सांगितले. मग अब्बांनी डोळे मिटले. सदफ वही घेऊन बसलीच होती. ते एकेक सांगत गेले. आधी जिभेवर काळी मिरी. मग गुऱ्हाळातल्या काहिलीच्या तळाची खरपूस गोडी. अर्ध्यावर आल्यावर भाजल्या नाचणीचा वास. राख पांढरी, बोटभर वाढली तरी पडत नाही. पान निवडण्यात या माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही. सदफची पेन्सिल नुसती धावत होती.

मग अब्बांनी सिगार बोटांत फिरवला. "मधी एके जागी ओढ अडतीय. दाब सारखा पडला न्हाई. वळणाऱ्याचा अंगठा दुखत असंल."

वाजिद घाईने म्हणाला, "ते नका लिहू, अब्बा. वाईट वाटंल त्याला. लई झकास म्हना, झालं."

"त्यानं खरं इचारलंय," अब्बा म्हणाले. "सदफ, लिही. आन् तडा आपला हाय, त्याचा न्हाई, ते पन लिही."

सोमवारी वाजिद ती पाने घेऊन गेला आणि रामिरोने ती आपल्या भाषेत उतरवून घरी धाडली. सहा महिन्यांनी रामिरोचे उत्तर आले. त्याच्या वडिलांनी भोरचे पत्र दोनदा वाचून घेतले होते. अंगठा चार वर्षे सुजत होता, पण त्यांनी घरात कुणाला कळू दिले नव्हते. आता औषध सुरू झाले होते.

अब्बांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पत्र कुंडलिकतात्यांना दाखवायला ते निघालेच. सदफ मात्र पत्र धरलेल्या त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्याचे पेर वाकडे झाले होते. कधीपासून, ते तिला आठवेना.

"दुखतो?" तिने विचारले.

"आज कळलं व्हय तुला?" अब्बा म्हणाले, आणि अंगठा तिच्या हातात दिला.

पुढे रोज संध्याकाळी ती त्याला कोमट तेल चोळी. मी तेव्हा माळ्यावर होते. माझ्यात कधी बटणे असत, कधी नुसती धूळ. अब्बा गेले त्या वर्षी सदफने मला खाली उतरवले आणि पुसले. आता माझ्यात सिगारची कागदी पट्टी आहे, रामिरोचे पत्र आहे, आणि जो पानावर ठेवून अब्बा विडीची पाने कापायचे तो पत्र्याचा साचा आहे. झाकण उघडले की माझा वास अजून येतो.

मित्रांनो, मी धुराचे कौतुक सांगत नाही. अब्बांची छाती त्यानेच पोखरली. मी हातांचे सांगते आहे. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षे एकच काम करत असेल, तर त्यांचा हात आजच हातात घेऊन पाहा. समुद्रापलीकडून पत्र येईपर्यंत थांबू नका.