दोष पिस्तुलाचाच असावा

यंत्र माणसाशी कधीही खोटं बोलत नाही, हे माझ्या भावोजींच्या आयुष्याचं सार होतं. पंपांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. निवृत्तीच्या समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं आणि ते दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. भावोजींनी ते उघडून पाहिलं आणि म्हणाले, "बंद आहे असं सरळ सांगतंय की. खोटं कुठे बोलतंय?"

निवृत्तीनंतर लोक कुंड्यांना पाणी घालतात किंवा मुलांना सल्ले देतात. भावोजी नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागले. तिथल्या एका सभासदाने नजर अधू झाली म्हणून आपलं पिस्तूल विकायला काढलं, तेव्हा परवान्यासाठी जोडे झिजवून भावोजींनी ते घेतलं. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्याचं नाव 'सवत' ठेवलं. "या वयात आणलीत ती आणलीत, तीही वापरलेली!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायची.

वर्षभर सवत गुण्यागोविंदाने नांदली. मग गोळ्या अडकायला लागल्या. एक सुटायची आणि मॅगझिनमधून, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या डबीतून, वर येणारी दुसरी नळीच्या तोंडाशी तिरकी होऊन बसायची. बसच्या दारात अडकलेल्या जाड माणसासारखी, ना आत ना बाहेर.

एरवी ताईने आनंदाने टाळ्या पिटल्या असत्या. पण भावोजींच्या थोरल्या भावाचं दुखणं हातापासून सुरू झालं होतं. आधी बरणीचं झाकण उघडेना, मग पेन धरवेना. शेवटी शेवटी पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागे आणि ते ताईनेच पाजलं होतं. हे कधी कधी घराण्यात असतं, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. 'कधी कधी' हे शब्द त्या घरात पुन्हा कुणी उच्चारले नाहीत.

ताईने मला फोन केला. "क्लबातल्या त्या मिस्त्रीला सांग, काय हवं ते बदल म्हणावं. स्प्रिंग का काय ती, नवी घाल. पण पिस्तूलच बिघडलेलं निघू दे रे बाबा."

सवतीच्या दुखण्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली बायको मी प्रथमच पाहत होतो.

क्लबात जाताना गाडी मीच चालवायचो. गिअर जड पडतो म्हणून भावोजींनी गाडी चालवणं सोडलं होतं. गॅरेजवाल्याला गिअरमध्ये काही सापडलं नव्हतं.

"शालकमहाशय," ते मला म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की गुन्हेगार सुटला."

त्यांनी दोन्ही मॅगझिनांवर खडूने खुणा केल्या. दोन्हींत गोळी अडकली. मॅगझिनांच्या स्प्रिंगा नव्या घातल्या. अडकली. दुसऱ्या कंपनीची काडतुसं आणली. अडकली. पिस्तूल सुटं करून धुतलं, पुसलं, तेल दिलं. ज्या उतारावरून गोळी नळीत चढते तो मिस्त्रीने घासून आरशासारखा केला. त्या दिवशी ओळीने चार गोळ्या सुटल्या. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनाच मुलगा झाला. पाचवी अडकली.

दर वेळी घरी पोचलो की दारातच ताई मला भुवयांनी विचारायची आणि मी मानेने सांगायचो.

"राहिलं काय आता?" मी भावोजींना विचारलं.

"स्लाइडची स्प्रिंग," ते म्हणाले, "आणि इतर."

ही स्प्रिंगही बदलली, तरी अडकली. 'इतर' म्हणजे काय ते मिस्त्रीने मला हत्यारांच्या खोलीत, दार लोटून सांगितलं.

"सर, हे पिस्तूल चालतं झटक्यावर. गोळी सुटली की झटक्याने स्लाइड, म्हणजे हा वरचा सरकता भाग, मागे जाते आणि पुढे येताना नवी गोळी आत ढकलते. पण त्यासाठी हात असा भिंतीसारखा लागतो. मनगटच मागे गेलं तर स्लाइड पुरती मागे जात नाही. मग गोळी अडकणारच."

"भावोजींना हे माहीत नसेल?"

"साहेबांनीच क्लबातल्या नव्या पोरांना शिकवलंय हे."

मी हे ताईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण तिच्यापासून काही लपवण्याची सवय मला लहानपणीच तिने लागू दिली नाही. तिने हातातली ओली चादर पिळून दोरीवर टाकली. मग म्हणाली, "उद्या मीही येते."

क्लबात ती काचेपलीकडच्या बाकावर, मांडीवर पर्स घेऊन, दवाखान्यात बसावं तशी बसली. आत भावोजी म्हणाले, "पिस्तूल तेच, काडतुसं तीच. आता माणूस बदलू." त्यांचा आवाज कारखान्यातला होता.

मिस्त्रीने पाच गोळ्या झाडल्या. पाचही सुरळीत. मग त्याने मला उभं केलं. मी आयुष्यात फटाकासुद्धा लांब काठीने पेटवलेला माणूस. मी डोळे मिटून झाडल्या. पाचही सुरळीत. जे माझ्या हातात चालतं ते कुणाच्याही हातात चालायला हवं, यावर तिथे दुमत नव्हतं.

भावोजींनी दोन्ही हातांची बोटं एकदा उघडली, मिटली.

तेवढ्यात ताई आत आली. "मला द्या."

"अगं, तू काय करणार?"

"का? माझीच सवत, तिची-माझी ओळख नको?"

मिस्त्रीने तिच्या कानांवर संरक्षक चढवले आणि पिस्तूल कसं धरायचं, कुठे रोखायचं ते दाखवून तो तिच्या पाठीशी उभा राहिला. आणि मला कळलं, ती का आली होती ते. तिने मनगट मुद्दाम सैल सोडलं होतं, वाळत घातलेल्या मोज्यासारखं. पिस्तूल तिच्या हातात अडकणार होतं. मग बिघाड पिस्तुलात ठरणार होता. भावोजींनाही ते दिसलं. ते तिच्या मनगटाकडेच पाहत होते.

पण चाप ओढताना तिने घाबरून डोळे मिटले आणि डोळ्यांबरोबर मुठीही आवळल्या. आयुष्यभर ओल्या चादरी पिळलेल्या मुठी त्या. पाचही गोळ्या एकामागून एक सुटल्या. शेवटची गोळी गेल्यावर मॅगझिन रिकामं झालं आणि स्लाइड नेहमीप्रमाणे मागेच उघडी राहिली.

ताईने डोळे उघडले. उघड्या स्लाइडकडे पाहिलं.

"अडकलं!" ती ओरडली. कानांवर संरक्षक असल्यामुळे जरा जास्तच जोरात. "अहो, बघा, अडकलं! उघडंच राहिलंय! माझ्याही हातात अडकलं!"

मिस्त्रीने तोंड उघडलं. भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्रीने ते मिटलं.

भावोजी पुढे झाले. तिच्या हातातून पिस्तूल घेऊन त्यांनी ते या बाजूने, त्या बाजूने नीट तपासलं. मग तिला ऐकू जावं म्हणून तिच्या एका कानावरचा संरक्षक उचलून म्हणाले, "खरंच गं. अडकलंच. पिस्तुलातच दोष आहे."

"मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली. तो तिला लवकर सापडला नाही.

परतताना ताई मागच्या सीटवर सारखी बोलत होती. वापरलेली वस्तू घेऊ नये, विकणारे बेरकी असतात, माणसाने आपलं कॅरम खेळावं. भावोजी माझ्या शेजारी हं हं करत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत हळूच मला म्हणाले, "दादाला दाखवलं होतं ना, त्या डॉक्टरांची वेळ घे. हिला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, "तक्रार काय आहे?"

"हातात जोर राहिलेला नाही."

"पुढच्या महिन्यातली वेळ मिळेल," त्या म्हणाल्या. "आणि पार्किंग नाही, रिक्षाने या."