ऊब राखणारा व्हेरिएबल

मित्रांनो, मी एक जुना व्हेरिएबल आहे. संगणकाच्या स्मृतीतली, नाव दिलेली एक इवलीशी जागा. तिच्यात जो आकडा ठेवाल तो मी सांभाळतो. माझं नाव कमाल. हिंगण्याजवळच्या एका केंद्रात यंत्रांमध्ये अंडी उबवतात. त्यांची ऊब किती वाढू द्यायची, हे माझ्याकडे बघून ठरतं.

मला केंद्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्या रोशनीने लिहिलं. तेव्हा केंद्रात एकच यंत्र होतं आणि प्रोग्राम जेमतेम पानभर. तिने मला सगळ्यांत वर, मोकळ्यावर ठेवलं आणि साडेसदतीस अंशांचा आकडा दिला. आतली ऊब तिथवर पोचली की हीटर बंद. अशा मोकळ्यावरच्या व्हेरिएबलला ग्लोबल म्हणतात. प्रोग्रामचा कोणताही भाग मला वाचू शके, बदलूही शके. आपल्या दाराला कडी नाही, याचा मला केवढा अभिमान वाटे!

केंद्र भावनाताई चालवतात. गावोगावच्या बायका गावरान कोंबड्यांची अंडी त्यांच्या हवाली करून जातात. पिलं निघाली की भावनाताई म्हणत, "रोशनी, तुह्या कमालनं कमाल केली वं!" मी हरखून जाई.

पुढे यंत्रं तीन झाली, प्रोग्राम फुगला आणि रोशनीच्या जोडीला विक्की आला. मे महिन्यात त्याने त्याच प्रोग्राममध्ये बाहेरच्या उन्हाची नोंद ठेवायला घेतली. दिवसाच्या सर्वांत जास्त तापमानाला त्याने साधं नाव दिलं, कमाल. त्या नावाचा मी आधीच बसलोय, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुपारी ऊन पंचेचाळीसला पोचलं, तो आकडा थेट माझ्यात येऊन पडला आणि माझा साडेसदतीस पुसला गेला. मित्रांनो, मला 'नको' म्हणता येत नाही. आता पंचेचाळीस येईपर्यंत बंद व्हायचं नाही, म्हणून हीटर तापतच राहिले.

"रोशनी, काच पोळून राहिली वं! अन् तुहं कम्प्युटर म्हणते, सब ठीक आहे!"

भावनाताई ओरडल्या. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, यंत्रांची दारं उघडली. दोन यंत्रं वाचली. तिसरं पश्चिमेच्या तापल्या भिंतीला लागून होतं. त्यातल्या अंड्यांत पिलं हालचाल करू लागली होती. ती पुन्हा हलली नाहीत. मागच्या अंगणात विक्कीने स्वतः खड्डा खणला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

परत येऊन तो म्हणाला, "मी माह्या आकड्याचं नाव बदलून टाकतो."

"आज तू बदलशील," रोशनी म्हणाली. "उद्या दुसरा कोणी येईन, तोही 'कमाल'च लिहीन. चूक नावाची नाही, मी ठेवलेल्या जागेची आहे."

"मग प्रत्येक मशीनले आपापला आकडा दे ना."

"नाही गा," भावनाताई मध्येच म्हणाल्या. "अंडी तिन्हीकडे कोंबडीचीच. एकीचा आकडा बदलला अन् दुसरीचा राहून गेला, तर? गावच्या बायकांले काय तोंड दाखवू मी?"

रोशनी कीबोर्डकडे वळली. मग तिने मला वरून उचललं आणि उबवणी यंत्रांच्या क्लासमध्ये नेऊन ठेवलं. क्लास म्हणजे एका जातीच्या वस्तूंचं सामाईक घर. आता तिन्ही यंत्रांचा मी एकच. पण बाहेरच्या कोणाला माझ्याकडे यायचं तर 'यंत्राचा कमाल' असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. वाट चुकून आलेला हात माझ्यापर्यंत पोचत नाही.

सुरुवातीला मला कोंडल्यासारखं झालं. आता कोण विचारणार मला, असं वाटे. मग एके दिवशी विक्कीचा उन्हाचा कमाल पुन्हा पंचेचाळीस झाला. मी वाट पाहिली; माझा साडेसदतीस जागचा हलला नाही. तिसऱ्या यंत्रात टकटक सुरू झाली, कवचांना चिरा गेल्या. विक्कीने एक ओलं पिलू ओंजळीत घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

मित्रांनो, मला कोणी वाईट हेतूने बिघडवलं नव्हतं. मी कोणाचा, हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. तुम्हीही उद्या प्रोग्राम लिहाल. आमच्यासारख्या मुक्या आकड्याला नाव देण्याआधी एवढं विचारा: हा नेमका कोणाच्या कामाचा? ज्यांच्या कामाचा, त्यांच्याच घरात त्याला जागा द्या. आम्हाला ओरडता येत नाही. पण आमच्या भरवशावर कोणीतरी कवचाच्या आत श्वास घेत असतं.