निळ्या दोऱ्याचं बटण

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, मधली वाट भरली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं चढून बसली होती. बाहेर राहिलेले दारातल्यांच्या खांद्यांवरून माना उंचावत होते. रविवारची सकाळ होती आणि व्यासपीठावर स्पर्शबाबा उभे होते. अंगात साधे पांढरे कपडे, गळ्यात काही नाही, कपाळाला काही नाही. "माझ्याकडे काहीच नाही," हे त्यांचं नेहमीचं पहिलं वाक्य, आणि ते खरंच होतं. समोरच्यांकडे जे होतं त्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

"औषध नाही, मंत्र नाही, यंत्र नाही," बाबा मधाळ आवाजात म्हणाले. "फक्त हे एक बोट आहे. हात काम विसरतो हो. मी बोट लावतो आणि त्याला आठवण करून देतो."

इतकं नम्र बोलणं ऐकलं की शंका काढणाऱ्यालाच आपण उद्धट आहोत असं वाटायला लागतं. बाबांचा अर्धा कारभार त्यावरच चालायचा.

मग त्यांनी ड्रायव्हरला वर बोलावलं. एकोणीस वर्षं शहर बस चालवलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात खांद्यापासून लोंबकळायला लागला. बाबांनी त्या हाताच्या मनगटाला बोट लावलं, पेटीतून एक पांढरा सदरा काढला आणि त्याच्या अंगात घातला. ड्रायव्हरने उजवा हात हळूहळू उचलला, छातीपाशी आणला आणि अंगठ्याने चाचपत एकेक बटण लावलं. पाच बटणं. प्रत्येक बटणाला सभागृह मोजत होतं आणि पाचव्याला टाळ्यांनी छत हललं. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माईकवाल्याने नेमक्या त्याच क्षणी बासरीचा आवाज वाढवला. माईकवाला हा ड्रायव्हरचा सख्खा धाकटा भाऊ.

अगदी मागच्या रांगेत ड्रायव्हरची बायको ओक्साबोक्शी रडत होती. गल्लीत तिला सगळे शिलाईवाली म्हणत. आठ महिने रोज सकाळी नवऱ्याची बटणं तिनेच लावली होती. एरवी ती सहजासहजी कशावर विश्वास ठेवणारी बाई नव्हती; कापड दुकानदाराने रंग पक्का आहे म्हटलं तरी कोपरा भिजवून बघणारी. पण त्या दिवशी ती फार लांब बसली होती आणि तिला ते खरं व्हायला हवं होतं.

तिच्या शेजारी समोरच्या खोलीतली इस्त्रीवाली होती आणि तिच्या मांडीवर आठ वर्षांची चिमटी. चिमटीचा डावा हात जन्मापासून कमजोर होता. इस्त्रीवालीने लेकीची मिटलेली मूठ हातात घेतली आणि म्हणाली, "वहिनी, दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मी हसले असते. पण तुमच्या यांना मी रोज बघते."

---

खरं तर ड्रायव्हरचा हात छातीपर्यंत आणला होता तो सरकारी दवाखान्यातल्या थेरपीवाल्या ताईंनी. ताईंची खोली म्हणजे एक अजब दुकान होतं. पलंग, चूल नसलेलं स्वयंपाकघर, कड्या-कुलपांनी भरलेली फळी, वाटाण्यांचं घमेलं, कपडे वाळत घालायचे चिमटे. पहिल्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरला हाताबद्दल काही विचारलंच नाही. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे अडतं, ते सांगा," म्हणाल्या. त्याने सांगितलं आणि त्याच यादीवर काम सुरू झालं. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना तो शेवटी. ताट सरकतं, तर खाली ओलं फडकं. चमचा निसटतो, तर दांड्याला कापड गुंडाळून जाड मूठ. पाच महिन्यांनी ड्रायव्हरने चहाचा कप न सांडता ओठाला लावला.

चिमटीचं नावही तिथूनच पडलं. कमजोर हाताच्या बोटांनी चिमटे दोरीला लावायचे, हा तिचा खेळ. रात्री मनगटाला पट्टा बांधायचा. ताईंनी इस्त्रीवालीला स्पष्ट सांगितलं होतं, "हात वापरात राहिला तर उघडा राहील. सोडून दिलंत तर बोटं तळव्यात वळतील, आणि वळली की परत आणणं फार कठीण."

बटणांवर ताई आणि शिलाईवालीने मिळून तोडगा काढला होता. वरच्या पट्टीवर बटणं नुसती शोभेला शिवायची आणि आत वेल्क्रो लावायचा. लहान मुलांच्या बुटांना आणि दप्तरांना असते ती चिकटून बसणारी पट्टी. वरून दाबलं की सदरा बंद. ज्याच्या बोटांत जोर नाही त्याला स्वतःचे कपडे स्वतः घालता यावेत, एवढाच हेतू, आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती. शिलाईवालीने त्यात स्वतःची एक भर घातली. वरून सुरुवात केली की पेशंटची पट्टी वरखाली होते, म्हणून सुरुवात खालून करायची. आणि ते लक्षात राहावं म्हणून सगळ्यात खालचं बटण ती निळ्या दोऱ्याने शिवायची. घरचा सदरा असो की चिमटीचा शाळेचा, तिचा हात आपोआप निळ्या रिळाकडे जायचा.

मध्यंतरी माईकवाला घरी येऊन म्हणाला होता, "वहिनी, ताईंनी सहा सदरे सांगितलेत. पांढरे, वेगवेगळ्या मापांचे. दवाखान्यातल्या गरीब पेशंटसाठी." तिने चार दिवसांत शिवून दिले. कुणाच्या तरी सकाळी सोप्या होतील, या विचाराने ती खूश होती.

---

त्या रविवारनंतर ड्रायव्हर ताईंकडे जायचा बंद झाला. इस्त्रीवालीनेही चिमटीला नेणं सोडलं. बाबांची अटच होती: "दोन दारांत उभा राहणारा उपाशी राहतो. इतर उपचार सोडा, म्हणजे माझं बोट लागू पडेल." लागू नाही पडलं तर दोष कुणाचा, याचीही सोय त्यात आधीच करून ठेवलेली होती. चिमटीचा पट्टा पलंगाखाली गेला.

घरी मात्र खऱ्या बटणांचा सदरा दिला की ड्रायव्हरला एकही बटण लागेना, आणि वेल्क्रोच्या सदऱ्याची पट्टीही तो बायकोकडूनच दाबून घ्यायचा. विचारलं की म्हणायचा, "कृपा काय नळाचं पाणी आहे? तिथे असते, इथे नसते." तो पांढरा सदरा ड्रायव्हर घरी स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवायचा आणि दर रविवारी साक्षीदार म्हणून घालून जायचा. सहा-सात आठवडे असेच गेले. एका सोमवारी तो पेटी बंद करायला विसरला. घामाचा वास आला म्हणून शिलाईवालीने सदरा धुवायला काढला आणि बादलीत बुडवताना तिची नजर शेवटच्या बटणावर गेली. निळा दोरा होता.

तिने सदरा उलटा केला. टाका तिचाच होता, पट्टीही तिच्याच मशीनवरची. ती ओल्या हातांनीच दवाखान्यात गेली.

"ताई, ते सहा पांढरे सदरे कुणाकुणाला दिलेत?"

"कोणते सदरे?" ताई म्हणाल्या.

परत आली तेव्हा ड्रायव्हर खिडकीत बसला होता. तिने सदरा त्याच्या मांडीवर ठेवला. "हा मी शिवलाय."

त्याने सदरा उलटून पाहिलाही नाही. माहीत नसतं तर त्याने "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावलं असतं. म्हणजे त्याला माहीत होतं.

"धाकट्याने सांगितलं, एकदाच उभा राहा," शेवटी तो म्हणाला. "मग दुसऱ्यांदा म्हणाला."

"आणि मी मागे बसून रडत होते."

"तुला बरंच वाटलं ना?"

हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं.

"कप उचलायला पाच महिने शिकलो मी," ड्रायव्हर म्हणाला. "बस गेली, पोरासारखे वाटाणे वेचत बसलो. कुणी टाळी वाजवली? तिथे उभा राहिलो की हजार माणसं उठून उभी राहतात."

"मी वाजवली होती. इथे, स्वयंपाकघरात. हातातलं पीठही झटकलं नव्हतं."

"घरातल्या टाळीचं काय एवढं."

ती म्हणाली, "तुमच्याकडे बघून समोरचीने पोरीचा पट्टा सोडला. काल मी चिमटीची मूठ उघडून पाहिली. करंगळी सुटतच नाही, पोर कळवळते. तिच्या आईला खरं सांगा. एवढंच मागते."

"मग धाकट्याला तोंड दाखवायला जागा राहील का? आणि मला?"

इस्त्रीवालीला तिने स्वतःच सांगून पाहिलं. इस्त्रीवाली इस्त्री न थांबवता म्हणाली, "वहिनी, स्वतःचा माणूस बरा झाला, आता दुसऱ्याचं होऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?" शिलाईवाली घरी परतली. जे डोळ्यांनी पाहून लोक फसले होते, ते डोळ्यांसमोरच उलगडायला हवं होतं.

---

रविवारी पुन्हा तेच सभागृह, तीच बासरी. ड्रायव्हरने पाचही बटणं लावली, टाळ्या झाल्या, आणि बाबांनी ठरलेला प्रश्न टाकला: "कुणाच्या मनात शंका असेल तर खुशाल विचारा. बोट स्वच्छ आहे." हा प्रश्न विचारायचा असतो, उत्तर द्यायचं नसतं, हे सगळ्यांना पाठ होतं. मागच्या रांगेतून शिलाईवाली उठली आणि चालत पुढे आली. भावाने घरातलं काही सांगितलेलं नसल्याने, वहिनी अनुभव सांगायला आल्या असं समजून माईकवाल्याने स्वतः तिच्या हातात माईक दिला.

"शंका नाही," ती म्हणाली. "बटणं लावलेली सगळ्यांनी पाहिली. आता तीच काढून दाखवा."

बाबा हसले. "माई, लावणं अवघड. काढणं तर लहान मूलही करतं."

"मग होऊन जाऊ दे."

"हात थकलाय त्यांचा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. अजूनही त्याने एक शब्द बोलावा म्हणून ती क्षणभर थांबली. ड्रायव्हर पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग तिने माईक त्याच्या छातीजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने सदऱ्याची पट्टी खालून वर ओढली.

खर्रर्र.

धाकट्या दिराचे कर्णे उत्तम होते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. एकही बटण उघडलं नव्हतं आणि सदरा मात्र सताड उघडा होता.

त्या शांततेत चिमटीचा आवाज आला. "आई, हे माझ्या शाळेच्या शर्टासारखं वाजलं."

मुलांच्या बुटा-दप्तरांचा हा आवाज घराघरांतल्या आयांना रोज सकाळी ऐकू येतो. कुणीतरी हसलं, कुणीतरी "अगं बाई" म्हणालं आणि कुजबूज दारापर्यंत पसरली.

"हा सदरा मी शिवला," शिलाईवाली म्हणाली. "असे सहा. बटणं वरून शिवलेली आहेत, आत वेल्क्रो आहे. शेवटच्या बटणाला निळा दोरा आहे, बाबांच्या पेटीतले बाकीचे काढून बघा. मी ते आजाऱ्यांसाठी शिवले होते. हा हात छातीपर्यंत येतो, तो दवाखान्यातल्या ताईंनी महिनोन्महिने घासून आणलाय. बाबांनी फक्त बोट लावलंय. कुणी काही करून दाखवलं तर ते उलटं करून दाखवा म्हणा. आपला सदरा द्या, आपल्या घरी बोलवा, सोमवारी बोलवा. खरं असेल तर सोमवारीही होईल. आणि चालू उपचार सोडा म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका. तुम्ही सोडलेल्या दिवसांचं नुकसान तो भरून देत नाही."

"ही श्रद्धेची परीक्षा आहे," बाबा म्हणाले, पण माईक तिच्याकडे होता. मग ते ध्यानाला म्हणून मागच्या खोलीत गेले आणि तिथल्या मागच्या दाराने निघून गेले. माईकवाला वायरी गुंडाळत राहिला. पुढच्या रांगेतली एक बाई शिलाईवालीला म्हणाली, "स्वतःच्या नवऱ्याची अब्रू अशी चव्हाट्यावर आणायची?" तिने माईक खाली ठेवला. इस्त्रीवाली चिमटीला कडेवर घेऊन केव्हाच बाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी चिमटीची मूठ कोमट पाण्यात धरली आणि एकेक बोट सावकाश सोडवलं. अंगठा आला, मधली बोटं आली. करंगळी अर्ध्यावर अडली.

"ही येईल ना?" इस्त्रीवालीने विचारलं.

"सांगता येत नाही," ताई म्हणाल्या. "प्रयत्न करू. मात्र मी बोट लावून काही होत नसतं. रोज हिलाच करावं लागेल, आणि तुम्हाला बसवून घ्यावं लागेल." त्यांनी चिमट्यांची टोपली पुढे सरकवली. इस्त्रीवालीने शिलाईवालीचा हात घट्ट धरला, पण तिच्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

शिलाईवाली घरी आली तेव्हा ड्रायव्हर घरातला जुना चौकड्यांचा सदरा अंगात अडकवून बसला होता. छाती उघडी होती. इतक्या महिन्यांच्या सवयीने तो जरा पुढे झुकला, तिने येऊन दाबून द्यावं म्हणून.

"मशीनवर काम पडलंय," ती म्हणाली. "निळ्या दोऱ्यापासून सुरू करा. येतं तुम्हाला."

ती मशीनपाशी बसली आणि त्याच्याकडे पाठ करून तिने पायडल मारलं. मागे बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग पट्टी दाबल्याचा आवाज आला, मग थोड्या वेळाने दुसरा. पाच झाले तेव्हा टाळी वाजवावी असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने दोन्ही हात कापडावरच ठेवले.