धुळाच्या मातीवरचे दगड

मानमोडीच्या तापाच्या साथीत तुकाबाईचा नवरा धुळा वाटेतच गेला. मेंढरं घेऊन सगळे कोकणात उतरत होते. माले गावाच्या शिवारात धुळाला ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी त्याला तिथंच, गेणबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधाकडेला पुरलं. वर दगड रचले. या गोष्टीला पाच वर्षं झाली. दर दिवाळीनंतर कळप त्या वाटेनं जाई. तुकाबाई घटकाभर थांबे, दगडांवर मेंढीचं दूध ओते आणि पुढं निघे. रडत नसे.

यंदा माल्यात उंदरं पडली होती, प्लेग आला होता. गाव मोकळं करून लोक माळावर खोपी घालून राहिले होते. ओढ्याच्या काठानं काट्या टाकल्या होत्या. पलीकडून गेणबानंच हात वर केला.

"तितंच थांब, तुकाबाई. परक्या मानसाला आत घ्यायचं न्हाई असं ठरलंय."

"मी काय ऱ्हायाला आले व्हय? दूध वतते अन् जाते."

गेणबा काट्यांपर्यंत पुढं आला. मग म्हणाला, "तुज्या धन्याच्या मातीवरचं दगड मी काढलं."

तुकाबाईचा दीर बाजी पुढं झाला. "कुनाला इचारून?"

तिनं हातानंच त्याला मागं सारलं. "कशापायी काढलं, दादा?"

"माजी पोर, चिमी, गेली परवा. गाठ आली काखंत. खांदाय कुनी आलं न्हाई. एकट्यानं किती खांदनार? खड्डा उथळ ऱ्हायला, अन् माळावर तरस फिरतंय. वड्यातनं दगड आनायचं तर तिला एकलीला टाकून यावं लागलं असतं."

तुकाबाईनं बांधाकडं पाहिलं. ओल्या मातीवर दगडांची लहानशी रास होती. शेजारची जागा सपाट, गवत उगवलेली. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. तो काही आला नाही.

"ऱ्हाऊ दे तिच्यावरच," ती म्हणाली. "हेंच्यावर पाच पावसाळं गेलं. माती बसलीया."

ओढ्यातल्या खडकावर दुधाचं मडकं ठेवून ती मागं सरली. गेणबानं ते नेलं. सपाट जागेवर अर्धं ओतून तो थांबला, वळून पाहू लागला.

"उरल्यालं पोरीला वत," ती ओरडली.

मग तिनं लुगडं खोचलं आणि ओढ्यातले गोटे उचलून त्याच खडकावर ठेवायला लागली. बाजी आधी पुटपुटला, मग मोठे मोठे तोच आणू लागला. ते दोघं लांब झाले की गेणबा येऊन दगड न्यायचा. पोरीची रास त्यानं गुडघाभर उंच केली. धुळाच्या डोक्याकडं तीन दगड लावले.

"बास," तुकाबाई म्हणाली. "खुनंपुरतं झालं."

गेणबा मडकं परत घेऊन आला, तशी ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे तुज्याकडं. हिकडं आनू नगं."

ऊन डोक्यावर आलं होतं. गावातली नेहमीची वाट बंद, म्हणून वळसा घालून कळप डोंगराच्या वाटेला लावला. त्या चढाला मेंढरं रेंगाळली, आणि घाटाच्या तोंडाला पोचायला त्यांना एक दिवस जास्त लागला.