मागच्या पट्टीचा स्क्रू

चिमट्यातून निसटलेला स्क्रू फरशीवर आपटला आणि कपाटाखाली गेला. आनंदने गाल फरशीला टेकवून मोबाईलचा उजेड आत मारला. हाती आली ती बायकोची, निकिताची, केसांची पिन.

"सापडला तरी तो बसणार नाही," निकिता दारातून म्हणाली. "आधीचे कुठं बसले?"

तिचं खरं होतं, म्हणूनच त्याला राग आला. छऱ्याची ही विलायती बंदूक त्याच्या वडिलांची, सर्जेराव आबांची. फुगे फोडायच्या स्टॉलवर तिने जत्रेजत्रेतून उभी हयात काढली होती. नेम धरायची मागची पट्टी आवळणारा मूळचा इवलासा स्क्रू तेवढा गायब होता. भोकाचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे. आजचा कुठलाही स्क्रू थोडा आत जाई आणि अडून बसे. बोहरी आळीतला हार्डवेअरचा दुकानदार तर बंदुकीकडे न बघताच म्हणाला होता, "साहेब, इंग्रज गेले तेव्हाच मागून घ्यायचा होता."

आनंद भोसरीच्या एका कारखान्यात माल तपासायचा. रिकामं भोक दिसलं की माल परत, हा त्याचा खाक्या. आणि इथे तर उद्याचा प्रश्न होता. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आबा जिना उतरले नव्हते. सोसायटीच्या आनंदमेळ्यात तुमचा स्टॉल लावू म्हटल्यावर मात्र ते "बघू" म्हणाले होते, आणि आबांचं 'बघू' म्हणजे होकार. इतक्या दिवसांनी ते खाली येणार आणि हातात काय देणार, तर खुळखुळी बंदूक? आनंदला ते सहन होईना.

"ऱ्हाऊ दे की," आबा पलंगावरून म्हणाले. "हाय तशी बरी हाय."

"आबा, पट्टी हलते."

"हलू दे."

"मग नेम कसा लागणार?"

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. झटक्यानंतर फार बोलायचा त्यांना कंटाळा येई. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय, असं आनंदने मनाशी ठरवून टाकलं. बंदुकीतलं त्यालाही कळत होतं. लहानपणी त्याचा एकही फुगा चुकला नव्हता. प्रत्येक फुग्यानंतर आबा गिऱ्हाइकांना ऐकवायचे, "नेम हाय पोराचा." पुढे तो परीक्षेत आपटला, नोकरीत मागून आलेले वर चढले, तरी हे एक वाक्य त्याने जिवापाड जपलं होतं.

सकाळी बंदूक चादरीत गुंडाळून तो जुन्या बाजारात गेला. शिलाई मशीनच्या सुट्या भागांचा डबा उपसता उपसता नखं काळी झाली, विकणारा वैतागला, आणि अखेर एक स्क्रू भोकात अलगद फिरत गेला. घरी येऊन आनंदने पट्टी अगदी मधोमध धरली. पुन्हा हरवायला नको म्हणून आट्यांना पक्का गोंद लावला आणि स्क्रू गच्च आवळला. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी आबांना खुर्चीसकट खाली आणलं. स्टॉलवर पहिली आली ती तळमजल्यावरची चिमुरडी मैत्री. तिचा छरा फुग्याच्या डावीकडून गेला. दुसराही. तिसऱ्यानंतर तिने बंदूक खाली टेकवली.

आबांनी चालता होता तो डावा हात पुढे केला आणि बंदूक मांडीवर घेतली. त्यांचा अंगठा न बघताच मागच्या पट्टीवर गेला आणि तिला उजवीकडे रेटू लागला. पट्टी हलली नाही.

"नळी वाकडी हाय हिची," ते आनंदला हळूच म्हणाले. "तू जन्मायच्या आधीपासनं. म्हणून तर स्क्रू काढून टाकलेला. माणूस बघून पट्टी सरकवायची. मिशीला पीळ देत आला तर इकडं, पोरांना तिकडं. पोराचा फुगा फुटलाच पायजे."

आनंद त्यांच्या मांडीवरच्या बंदुकीवर वाकला. मग त्याने स्क्रूड्रायव्हर काढला.

गोंद पक्का होता. स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला, तळहात खरचटला, खाच झिजत चालली. त्याला स्वतःचाच संताप आला.

"स्टॉल बंद आहे का?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"बंद करून रांग लावतात का?" आनंद मान वर न करता म्हणाला.

शेवटी स्क्रू कुरकुरत सुटला. त्याने तो खिशात टाकला. आबांनी पट्टी अंगठ्याने केसभर सरकवली आणि बंदूक मैत्रीच्या हातात दिली.

फुगा फुटला.

"नेम हाय पोरीचा," आबा अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले.

मैत्री आईकडे धावत सुटली. रिकाम्या जागी लावायला आनंदने नवा फुगा तोंडाला लावला. पण बराच वेळ त्याला तो फुगवताच येईना.