चमत्काराचा पत्ता

एकोणीसशे चौतीसच्या भादव्यात सोलापुरातल्या एका गिरणीमागे, कडुनिंबाखाली सकाळपासून रांग लागायची. कांबळ्यात गुंडाळलेली पोरं, पिवळ्या पडलेल्या बाया, आणि बुंध्याशी घोंगडीवर धागेवाले महाराज. "सात गाठी, सात बहिणी! पहिली थंडीला, दुसरी तापाला, सातवी तुमच्या शंकेला!" असं म्हणत ते काळा धागा मनगटाला बांधत आणि वर बजावत, की हिवतापावरचं औषध, कोयनेल, पोटात गेलं तर धागा मरेल. स्वतः महाराज मात्र मच्छरदाणीत झोपत.

वीरभद्रप्पा पोस्टमनच्या थैलीत टपालाबरोबर सरकारी कोयनेलच्या पुड्या असत. आठवड्यात एकही खपली नव्हती. अठ्ठावीस वर्षं पेठा तुडवून त्याच्या टाचा कामातून गेल्या होत्या, आणि लोकांना शहाणं करायचा तर त्याला केव्हाच कंटाळा आला होता.

पण गिरणीत कामाला जाणाऱ्या सोजरबाईची मुलगी लीला त्याला टाळता येईना. गिरणीच्या चाळीत, चिंचेखालच्या तिसऱ्या खोलीत ती सात वर्षांची पोर एक दिवसाआड हुडहुडत, तापत पडलेली असे. पानथरी वाढून पोट टणक झालेलं, हातापायांच्या काड्या, मनगटावर चार धागे. अशी पोरं त्याने खूप पाहिली होती. आणखी पंधरा दिवस असेच गेले तर ही राहायची नाही, हे त्याला दिसत होतं.

त्या दिवशीही तिला थंडी भरलेली होती. त्याने पुडी पुढे केली तशी सोजरबाई मागे सरली.

"नगं मामा. धाग्यानं गुण येतो. गिरणीवालीची एक पोर तिरडीवरनं उठली आन् भाकर मागितली की."

"तू पाहिलीस?"

"मल्लव्वानं सांगितलं."

अर्धवट पत्त्याचं पत्र आलं की वीरभद्रप्पा एकाला विचारून दुसऱ्याकडे जाई, घर सापडेपर्यंत सोडत नसे. तेवढी एकच विद्या त्याला येत होती. तिच्या बळावर तो त्या उठलेल्या पोरीचं घर शोधायला निघाला. विड्या वळणाऱ्या मल्लव्वाने बाजारातल्या बसव्वाचं नाव घेतलं. भाजीवाल्या बसव्वाने तिरडीची शपथ घेतली, पण सांगणारा म्हणे स्टेशनजवळचा चहावाला आप्पा. आप्पा म्हणाला, तिरडीबिरडी काही नाही, धागा बांधला त्या दिवशी ताप उतरला एवढंच. तिची आईच गिरणीच्या दारात सांगत होती.

"राहते कुठं?"

"चाळीत. चिंचंखाली, तिसरी खोली."

वीरभद्रप्पा तिथल्याच बाकावर बसला. हसू यायला हवं होतं, पण त्याला वाईट वाटलं.

परतताना तो कडुनिंबापाशी अर्धा तास उभा राहिला. महाराज प्रत्येकाला आधी एकच विचारत: थंडी काल भरली, की आज भरायची आहे? "काल" म्हणणाऱ्याला लगेच धागा. "आज" म्हणणाऱ्याला, "आज योग नाही, उद्या ये." एक दिवसाआडचा ताप मधल्या दिवशी नसतोच, आणि महाराज नेमका तोच दिवस गाठत.

संध्याकाळी त्याने हे सगळं सोजरबाईला सांगितलं. ती लीलाच्या मनगटावरचे धागे चाचपत राहिली. मग हळूहळू बोलली. पहिल्या धाग्याच्या दिवशी पोर हसली, ते तिने गिरणीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंडी भरली तेव्हा महाराज म्हणाले, तुझ्याच शंकेने गाठ सुटली. ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही. आपल्या मनातलं पाप चारचौघांत कोण सांगणार?

"मग तुमच्या कोयनेलवर तरी कशावरनं इश्वास ठिवू?"

प्रश्न बिनतोड होता. इतक्या वर्षांत तो त्याला कुणी विचारलाच नव्हता.

"माझ्यावर ठेवू नकोस. भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ मार, थंडी भरेल त्या दिवशी फुली. उद्या ती बरी दिसेल, ते धरू नको. उद्या ती तशीही बरी दिसणार. फुली चुकते का तेवढं बघ."

सोजरबाईने पुड्या घेतल्या. बारा दिवसांनी तो आला तेव्हा भिंतीवर फुली, रेघ, फुली आणि पुढे नुसत्या रेघाच होत्या. लीला उंबऱ्यावर बसून भाकरी खात होती. त्याला बरं वाटलं, पण निर्धास्त वाटेना. सकाळीच बाजारात बसव्वा म्हणाली होती, बघा, ती पोर शेवटी धाग्यानंच उठली.

त्याने हे सांगितल्यावर सोजरबाईने विळीवर चारही धागे कापले, लीलाला कडेवर घेतलं आणि ती थेट कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली.

"तिरडीवरनं उठली म्हणत्यात ती पोर हीच. धाग्यानं न्हाय, कोयनेलनं उठली. रेघा भिंतीवर हायत, येऊन बघा. आन् थंडी काल भरली का आज, हे महाराज आदी का इचारत्यात, ते त्यांनाच इचारा."

महाराज "शंका, शंका!" म्हणत गाठ आवळू लागले. रांगेतल्या चौघी उठल्या. बाकीच्या बसून राहिल्या. वीरभद्रप्पाने चार पुड्या काढून दिल्या आणि उरलेलं टपाल वाटायला निघाला.

वाचकहो, चमत्कार कानावर आला की तो घडला त्या घरापर्यंत एकदा चालत जा. टाचा दुखतील, पण पोरं वाचतील.